शांतिवेदीवरची वेल: रोमन संगमरवरातला निसर्ग कसा वाचावा

रोममध्ये टायबर नदीच्या काठाशी, सम्राट ऑगस्टसच्या समाधीजवळ, काचेच्या भिंतींची एक आधुनिक इमारत आहे आणि तिच्या आत दोन हजार वर्षांपूर्वीची एक संगमरवरी वेदी जपून ठेवलेली आहे. तिचे लॅटिन नाव ‘आरा पाकिस’, म्हणजे शांतीची वेदी. तिथे जाणारे बहुतेक प्रवासी भिंतीच्या वरच्या भागातली मिरवणूक निरखून पाहतात, त्यात ऑगस्टस कोणता, त्याचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा कोणता, आईच्या पदराला धरून उभी असलेली मुले कोणाची, हे माहितीपत्रकाशी ताडून पाहतात आणि पुढे सरकतात. त्याच भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर पसरलेल्या वेलीला मात्र ‘सुंदर नक्षी’ एवढाच शेरा मिळतो. माझ्या मते वेदीला जे सांगायचे आहे, त्याची सुरुवात या वेलीपासून होते. ती वाचता आली, तर वरची माणसेही वेगळी दिसू लागतात.

उठावशिल्प म्हणजे काय आणि ही वेदी कोणती

सुटी मूर्ती चारी बाजूंनी फिरून पाहता येते. उठावशिल्पातली आकृती मागच्या दगडातच रुजलेली असते आणि फक्त समोरच्या बाजूने वर आलेली असते. खिशातल्या नाण्यावरचे चिन्ह बोटाला लागते, तो उठावाचा अगदी उथळ प्रकार; वेरूळच्या भिंतींवरचे देव जवळजवळ दगडातून बाहेर पडल्यासारखे वाटतात, तो खोल प्रकार. शांतिवेदीच्या शिल्पकारांनी दोन्ही प्रकार एकाच फलकात वापरले आहेत. जवळच्या वस्तू जास्त उठवल्या आहेत, दूरच्या वस्तू दगडावर नुसती रेघ उमटावी इतक्या पुसट ठेवल्या आहेत, आणि त्यामुळे काही बोटांच्या खोलीत अंतराचा भास निर्माण झाला आहे.

हे नाजूक काम साधले ते संगमरवरामुळे. आजच्या इटलीतल्या कारारा येथील खाणींचा हा पांढरा, बारीक कणांचा दगड त्या काळी ‘लुना’ बंदरातून रोमला येत असे. पानाची कड कागदासारखी पातळ करावी आणि ती तुटू नये, हे रोमच्या आसपास मिळणाऱ्या सच्छिद्र, खडबडीत दगडांत शक्य नव्हते.

ऑगस्टस हिस्पानिया आणि गॉल या प्रांतांची, म्हणजे आजच्या स्पेन आणि फ्रान्सची, घडी बसवून परतला, तेव्हा ४ जुलै इ. स. पू. १३ रोजी रोमच्या सिनेटने ही वेदी उभारण्याचा ठराव केला. तिचे विधिवत अर्पण ३० जानेवारी इ. स. पू. ९ रोजी झाले. हा ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचा जन्मदिवस. मधोमध यज्ञाची मूळ वेदी आणि तिच्याभोवती बिनछपराची, सुमारे ११.६ मीटर लांब आणि १०.६ मीटर रुंद अशी चौकोनी भिंत, अशी तिची रचना आहे. अधिकारी, पुरोहित आणि चुलीच्या अग्नीची देवता वेस्टा हिच्या कुमारिका-पुजारिणींनी इथे दरवर्षी बळी अर्पण करावा, असा सिनेटचा आदेश होता आणि ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीच्या कोरीव वृत्तांतात त्याचा आवर्जून उल्लेख केला आहे.

पान केव्हा बोलू लागते

प्रतीक म्हणजे एखाद्या वस्तूला समाजाने मिळून दिलेला जादा अर्थ. दसऱ्याला आपण आपट्याचे पान हातावर ठेवतो आणि ‘सोने घ्या’ म्हणतो, तेव्हा समोरच्याला काहीही समजावून सांगावे लागत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाला ते पान वर्षभर सारखेच असते, पण त्या एका दिवशी त्याचे सोने होते, कारण देणारा आणि घेणारा दोघेही एकाच परंपरेत वाढलेले असतात. रोमन नागरिकाच्या मनातही झाडांची अशीच एक बाराखडी होती. ओकच्या पानांचा मुकुट म्हणजे नागरिकाचे प्राण वाचवणाऱ्याचा सन्मान. द्राक्षवेल आणि आयव्ही नावाची सदाहरित वेल म्हणजे मद्याचा आणि उन्मादाचा देव बाकस. गहू आणि खसखशीची बोंडे म्हणजे धान्यदेवता केरेस. आणि लॉरेल म्हणजे अपोलो देव आणि युद्धातला विजय.

लॉरेल हे आपल्या तमालपत्राच्या आणि दालचिनीच्या कुळातले सदाहरित झाड आहे. इ. स. पू. २७ मध्ये सिनेटने ऑगस्टसच्या दारावर ओकच्या पानांचा मुकुट लावण्याचा आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना लॉरेल लावण्याचा मान त्याला दिला. पुढे नाण्यांवर ती दोन झाडे एवढी जरी दिसली, तरी घर कोणाचे हे लोकांना कळत असे. लिव्हियाची गोष्ट याहून विलक्षण आहे. एका गरुडाने तिच्या मांडीत एक पांढरी कोंबडी अलगद टाकली आणि त्या कोंबडीच्या चोचीत लॉरेलची फळांनी लगडलेली डहाळी होती, असे रोमन लेखक सांगतात. ती डहाळी लिव्हियाच्या रोमबाहेरच्या वाड्यात लावली गेली, तिचे बन झाले, आणि विजययात्रा काढणारे सम्राट त्याच बनातल्या पानांचा मुकुट घालू लागले. या घराण्याचा शेवटचा सम्राट नीरो याच्या अखेरच्या काळात ते बन मुळापासून वाळले, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. कथा घडली का, हा इथे प्रश्न नाही. राजघराणे आणि झाड यांचे आयुष्य एकमेकांत गुंतलेले आहे, ही कल्पना लोकांना सहज पटत होती, एवढे तिच्यावरून नक्की कळते, आणि शांतिवेदीची वेल याच कल्पनेवर वाढलेली आहे.

एका मुळातून अनेक झाडे

आता खालच्या फलकासमोर उभे राहू. तळाशी, अगदी मधोमध, अकँथस नावाच्या झुडपाचा पसरट पानांचा मोठा झुबका आहे. त्यातून एक सरळ दांडा वर जातो आणि दोन्ही बाजूंना गोल गोल वळणे घेणाऱ्या फांद्या निघतात. प्रत्येक वळणाच्या टोकाला फूल आहे आणि वरच्या अंगाला पंख पसरलेले हंस बसले आहेत.

अकँथस हे भूमध्य समुद्राकाठचे झुडूप. ग्रीक भाषेतल्या काट्याच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही, कारण कोकणातल्या खाड्यांच्या काठी तिवरांबरोबर वाढणारी, काटेरी पानांची आणि निळ्या-जांभळ्या फुलांची मारांडी याच प्रजातीसमूहातली आहे, आणि आपला अडुळसा, कोरांटी आणि सह्याद्रीतली कारवी ही त्याच कुळातली मंडळी आहेत.

अकँथसची शिल्पकलेतली कारकीर्द ग्रीसमध्ये सुरू झाली. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने तिची एक कथा सांगितली आहे. कोरिंथ नगरातली एक तरुण मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून ती टोपली थडग्यावर ठेवली आणि वर एक कौल झाकले. नकळत ती टोपली अकँथसच्या मुळावर ठेवली गेली होती. वसंतात पाने फुटली, टोपलीच्या कडांनी वर चढली, कौलाला अडली आणि बाहेर वळली. कालिमाखोस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिले आणि खांबाच्या माथ्याचा नवा आकार त्याला सुचला. अकँथसचा जो गुण या कथेच्या मुळाशी आहे, तोच आपल्या कामाचा आहे: मृत्यूच्या जागेवरून पुन्हा फुटून येणे. शंभर वर्षांच्या यादवी युद्धांनी होरपळलेल्या रोममध्ये शांतिवेदीच्या तळाशी नेमके हेच झुडूप यावे, यात मोठे औचित्य आहे.

मात्र या वेलीत एक गोष्ट मुद्दाम चुकीची आहे. अकँथसच्या दांड्यावर अकँथसच येत राहिला असता, तर ती साधी वेलबुट्टी झाली असती. इथे त्याच एका बुंध्यातून द्राक्षे फुटतात, आयव्हीची पाने फुटतात, लॉरेल फुटते. रोममधल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक जुलिया कानेवा यांनी या फलकांचा बारकाईने अभ्यास करून नव्वदहून अधिक वनस्पती ओळखल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी पाने-फुले निसर्गात जशी दिसतात तशी कोरलेली आहेत, पण त्यांची एकत्र वाढ निसर्गात अशक्य आहे. मला यातले सर्वांत मोठे कौशल्य इथेच दिसते. प्रत्येक पान खरे आहे, झाड मात्र कधीच नव्हते. आणि पानांच्या खरेपणामुळे पाहणाऱ्याचा त्या अशक्य झाडावर विश्वास बसतो.

या झाडाचा अर्थ लावण्यासाठी त्या काळचे काव्य मदतीला येते. इ. स. पू. ४० च्या सुमारास कवी व्हर्जिल याने एका बाळाच्या जन्माबरोबर सुवर्णयुग परत येईल, असे भाकीत करणारे काव्य लिहिले. त्या युगात कोणी न नांगरताच भूमी बाळासाठी आयव्ही आणि ‘हसऱ्या अकँथसमध्ये मिसळलेले कोलोकेशिया’ उगवील, असे तो म्हणतो. आज शास्त्रात अळूला कोलोकेशिया हेच नाव आहे. व्हर्जिलच्या मनात अळू होता की इजिप्तमधले कमळ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की आपोआप, एकत्र आणि हवे ते उगवणे हे सुवर्णयुगाचे लक्षण त्या काळच्या सुशिक्षित रोमन माणसाला पाठ होते. फलकावरचे हंस अपोलोचे पक्षी, आणि इ. स. पू. ३१ च्या अ‍ॅक्टियमच्या निर्णायक लढाईतला विजय ऑगस्टसने अपोलोच्याच कृपेचा मानला होता. बाकसची द्राक्षवेल आणि अपोलोचे हंस एकाच वेलीवर सुखाने नांदतात, तेव्हा सुवर्णयुग कोणामुळे आले हे वेगळे लिहावे लागत नाही.

आतल्या बाजूच्या माळा

भिंतीच्या आतल्या बाजूला दृश्य बदलते. खाली उभ्या फळ्यांसारखे कोरीवकाम आहे. अशा वेदीभोवती पूर्वी लाकडी कुंपण घालत, त्याची ती दगडातली आठवण आहे. वर बैलांच्या कवट्या आहेत आणि एका कवटीपासून दुसरीपर्यंत फळा-पानांच्या जाडजूड माळा झोके घेत लटकल्या आहेत. आपण दाराला बांधतो त्या तोरणाची इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही, मात्र या कवट्या बळी दिलेल्या जनावरांच्या आहेत. मरण आणि पीक इथे एकाच दोरीने बांधलेले आहे, कारण देवाला बळी पोचला तरच भूमी फळते, ही त्या धर्माची श्रद्धा होती.

माळा जवळून पाहिल्या, तर त्यांत द्राक्षे, डाळिंबे, अंजिरे, गव्हाच्या ओंब्या, ओकची फळे आणि पाइनचे शंकू दिसतात. आपल्याकडे एखाद्याने एकाच तोरणात हापूस आंबा, जांभळे, सीताफळ आणि बोरे ताजी ओवली, तर आपण क्षणभर थबकू, कारण ती एकाच बाजारात एकाच दिवशी मिळत नाहीत. रोमन माणूसही तसाच थबकत असणार. बाहेरच्या वेलीने सगळ्या झाडांना एका मुळावर आणले. आतल्या माळांनी सगळ्या ऋतूंना एका दिवसात आणले. ही वेदी ज्या शांतीची आहे, तिच्यात हंगाम चुकत नाही.

मांडीवर दोन बाळे घेतलेली स्त्री

पूर्वेकडच्या प्रवेशद्वाराशेजारी सर्वांत प्रसिद्ध फलक आहे. एका खडकावर एक भरल्या अंगाची स्त्री बसली आहे, मांडीवर दोन तान्ही बाळे आहेत, ओटीत फळे आहेत. मागे गव्हाच्या ओंब्या आणि खसखशीची बोंडे उगवली आहेत; पायाशी एक गाय बसली आहे आणि एक मेंढी चरते आहे. दोन्ही बाजूंना डोक्यावर पदराचे शीड फुगवलेल्या दोन स्त्रिया आहेत: एक मोठ्या पक्ष्यावर, तिच्या खाली बोरू आणि कलंडलेला घडा, म्हणजे गोड्या पाण्याचा उगम, दुसरी सागरी प्राण्यावर, तिच्या खाली लाटा. त्या भूमीवरचा आणि समुद्रावरचा वारा आहेत.

ही स्त्री कोण, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. कोणी तिला भूमिदेवता टेलस म्हणतात, कोणी इटलीची भूमी, कोणी शांतिदेवता पाक्स, कोणी ऑगस्टसच्या घराण्याची आद्यमाता व्हीनस, कोणी केरेस. तज्ज्ञांनाच नाव ठरवता येत नसेल, तर अर्थ लावण्याला काय आधार, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. कार्ल गालिन्स्की यांच्यासारख्या अभ्यासकांनी दिलेले उत्तर मला पटते: हे अनेकार्थी असणे जाणूनबुजून साधलेले आहे. शिल्पकाराला एकच देवी दाखवायची असती, तर तिची एखादी ठळक खूण देणे त्याला अवघड नव्हते. त्याने सगळ्यांच्या थोड्या थोड्या खुणा एकीला दिल्या. आपणही एकाच देवीपुढे उभे राहून तिला अन्नपूर्णा म्हणतो, जगदंबा म्हणतो, धरणीमाता म्हणतो आणि त्यात कोणतीही विसंगती मानत नाही.

शिवाय या फलकाला काव्याची साथ आहे. इ. स. पू. १७ मध्ये ऑगस्टसने नव्या युगाच्या स्वागताचा महोत्सव भरवला आणि कवी होरेस याचे स्तोत्र २७ मुलगे आणि २७ मुली यांच्याकडून गाऊन घेतले. पिकांनी आणि गुराढोरांनी समृद्ध टेलसने केरेसला ओंब्यांचा मुकुट द्यावा, निर्मळ पाण्याने आणि वाऱ्यांनी पिकांचे पोषण करावे, अशी त्यात प्रार्थना आहे. ओंब्या, गुरे, पाणी, वारे: प्रार्थनेत मागितलेले सगळे आठ वर्षांनी दगडात मिळाल्यासारखे दिसते.

‘ही नुसती सजावट नाही कशावरून?’

ही शंका रास्त आहे. अकँथसच्या वेली रोमन लोकांनी शोधलेल्या नाहीत. त्यांचे जवळचे नमुने आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, पेर्गामोनच्या ग्रीक राज्यात सापडतात, आणि शांतिवेदीवर राबलेले हात ग्रीक परंपरेत घडलेले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उसना आणलेला नमुना अर्थाशिवायही वापरता येतो, हेही खरे.

पण उसने शब्द घेऊनही माणूस आपले वाक्य बोलतोच. इथे भिंतीचा खालचा सगळा भाग त्या वेलीला दिला आहे; एवढी जागा केवळ रिकामेपण भरण्यासाठी कोणी देत नाही. वेलीची प्रत्येक फांदी मध्यातल्या एका मुळाशी बांधलेली आहे, आणि नेमकी त्या वेलीच्या डोक्यावर राजघराण्याची बायकामुलांसह मिरवणूक चालली आहे. रोमच्या सार्वजनिक शिल्पात लहान मुले अशी दिसणे नवे होते. खाली झाडाला कोवळे धुमारे, वर घराण्याला कोवळी पिढी, ही जुळणी डोळ्यांनी दिसते. तिच्यासाठी कोणताही गुप्त संकेत उलगडावा लागत नाही. मात्र याच्या पुढे जाऊन प्रत्येक पाकळीला स्वतंत्र गूढार्थ चिकटवण्याचा मोह मला योग्य वाटत नाही. काही पाने तिथे आहेत ती वळण पुरे व्हावे म्हणून, आणि त्यांना तेवढेच राहू द्यावे.

एक गोष्ट आज आपल्याला दिसत नाही. हा संगमरवर मुळात रंगवलेला होता. अभ्यासाच्या आधारे ते रंग प्रकाशझोतांनी वेदीवर पाडून दाखवण्याचे कार्यक्रम या संग्रहालयाने केले आहेत. पांढऱ्या भिंतीवर आपण ज्याला संयत नक्षी समजतो, ती रंगांनी भरलेली बाग होती, हे लक्षात ठेवले की ‘नुसती सजावट’ हा आक्षेप आणखी कमकुवत होतो.

‘मग हा सत्तेचा प्रचारच ना?’

होय, आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे. लॅटिनमधला ‘पाक्स’ हा शब्द ‘करार करणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या मुळावरून आला आहे; शांती म्हणजे जिंकणाऱ्याने हरलेल्याशी ठरवलेल्या अटी. वेदी उभी होती ती मार्स या युद्धदेवाच्या नावाच्या मैदानात. बाळे घेतलेल्या स्त्रीच्या फलकाच्या जोडीला, दाराच्या दुसऱ्या बाजूला, रोमा देवीचा, म्हणजे देवीच्या रूपातल्या रोम नगरीचा, फलक होता. त्याचे थोडेच तुकडे उरले आहेत, पण देवी शस्त्रांच्या राशीवर बसलेली होती, असे त्याच प्रकारच्या इतर शिल्पांवरून मानले जाते. दोन्ही फलक एकत्र पाहिल्यावर अर्थ पुरा होतो: शस्त्रांच्या राशीवर रोम बसले आहे, म्हणून शेजारी गाय निवांत रवंथ करते आहे. हिस्पानिया आणि गॉलमधल्या माणसांना ही शांती कशी भासली असेल, हे वेल सांगत नाही. ‘ते ओसाडी माजवतात आणि तिला शांती म्हणतात’ हे प्रसिद्ध वाक्य पुढे इतिहासकार टॅसिटस याने ब्रिटनमधल्या एका प्रतिकारी सरदाराच्या तोंडी घातले. ते लिहिणारा माणूस स्वतः रोमन सिनेटर होता.

निसर्गाचे प्रतीक सत्ताधाऱ्याला इतके सोयीचे का, याचे कारण साधे आहे. राजाच्या हुकमाशी वाद घालता येतो. वसंताशी वाद घालता येत नाही. घराण्याची सत्ता वेलीसारखी वाढते असे एकदा मनात ठसले, की ती कोणी मिळवली, कशी मिळवली, हे प्रश्न मागे पडतात. विसाव्या शतकात मुसोलिनीने हे अचूक ओळखले. वेदीचे अवशेष एका जुन्या वाड्याच्या पायाखाली, भूजलात रुतलेले होते. इ. स. १९३७-३८ मध्ये भोवतालची जमीन यंत्रांनी गोठवून ते बाहेर काढले गेले, नव्या जागी वेदी जुळवली गेली आणि ऑगस्टसच्या दोन हजाराव्या जयंतीच्या वर्षात, २३ सप्टेंबर १९३८ रोजी, तिचे उद्घाटन झाले. फॅसिस्ट राजवटीला आपली मुळे त्या जुन्या वेलीत दाखवायची होती.

आणि रोमन शिल्पातला निसर्ग नेहमी असा बहरलेला नसतो, हेही पाहावे. इ. स. ११३ मध्ये रोममध्ये उभ्या राहिलेल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर सुमारे २०० मीटर लांबीची शिल्पपट्टी गुंडाळलेली आहे आणि तिच्यात आजच्या रुमानियातल्या डाशियाशी झालेल्या युद्धांची कथा आहे. तिथेही संगमरवर लुनाचाच आणि झाडेही भरपूर. पण सैनिक ती कुऱ्हाडीने तोडत आहेत, रस्ते काढत आहेत, तळ उभारत आहेत. शांतिवेदीवर झाड म्हणजे आपले राज्य होते, इथे झाड म्हणजे शत्रूचे रान आहे.

घरट्याजवळचा साप

शेवटी एका लहानशा दृश्याकडे वळू, जे पाहण्यासाठी जवळजवळ गुडघे टेकावे लागतात. अकँथसच्या पानांत शिल्पकारांनी बारीक प्राणी लपवले आहेत: बेडूक, पाली, गोगलगायी, विंचू. एका फलकाच्या तळाशी पक्ष्याचे घरटे आहे. त्यात पिल्ले आहेत आणि एक साप त्यांच्याकडे सरपटत निघाला आहे. सुवर्णयुगाच्या काव्यात व्हर्जिलने तर साप नाहीसा होईल असे लिहिले होते. मग वेदीवर तो का? काही अभ्यासकांच्या मते तो शांतीवर टपलेल्या संकटाची आठवण आहे, म्हणजे रक्षणकर्ता हवाच, हे सुचवणारा. काहींना त्यात जन्म आणि मरण यांचे चालू राहणारे चक्र दिसते. मला वाटते, ज्या कारागिराने हे घरटे कोरले, त्याने खऱ्या बागेत खाली वाकून पाहिलेले होते. दगडातला तो साप अजून पिल्लांपर्यंत पोचलेला नाही, आणि पिल्लांच्या चोची अजून उघड्याच आहेत.